डालड्यातलं 'अ'

डालड्याच्या पिवळ्या डब्यावर ताडासारखं हिरवं झाड होतं. आत मात्र बहुतांशी शेंगदाण्याचं तेल असे, नियमापुरतं तिळाचं, आणि अगदी शेवटी घातलेलं एक असं काहीतरी, जे ना त्या झाडाचं, ना शेंगेचं, ना गाईम्हशीचं. ते म्हणजे अ जीवनसत्त्व. ग्रॅममागे २५ आंतरराष्ट्रीय एकक हा त्याचा सरकारी हिशेब. शुद्ध जीवनसत्त्वाच्या वजनात मांडला, तर टनाला साडेसात ग्रॅम.

गिरगाव, परळ, लालबागच्या चाळींत हा डबा रिकामा झाल्यावर त्याचं काय काय झालं, ते पुष्कळांनी लिहून ठेवलंय. कुठे त्यात तुळस लागली, कुठे तो सकाळच्या रांगेत हातात आला. भरलेल्या डब्यातल्या जीवनसत्त्वाकडे फारसं कुणी पाहिलेलं नाही. ते तिथे आलं ते निव्वळ चाळीतल्या पोरांच्या डोळ्यांची काळजी म्हणून, असं मला वाटत नाही. वनस्पती तुपावर एक खटला चालू होता. त्यात आरोपीने स्वतःहून आनंदाने मान्य केलेली ही एकच अट.

खटला सुरू झाला तो मुंबईपासून फार दूर, उंदरांच्या पिंजऱ्यात. १९१३ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात एल्मर मॅक्कॉलम आणि मार्गारिट डेव्हिस यांना असं दिसलं, की लोण्यातली चरबी खाल्लेले उंदीर वाढतात आणि डुकराच्या चरबीवर किंवा ऑलिव्ह तेलावर ठेवलेले खुरटतात. उष्मांक तेवढेच, तरी फरक पडतो. म्हणजे लोण्यात आणखी काहीतरी आहे. या 'काहीतरी'ला पुढे 'अ' नाव मिळालं. विस्कॉन्सिन हा दूधदुभत्यावर जगणारा प्रांत. तिथल्या गवळ्यांना याहून गोड बातमी कोणती असणार? मार्गारीन हा लोण्याचा स्वस्त तोतया १८६९ सालापासून, म्हणजे इपोलित मेज-मूरिएस या फ्रेंच रसायनज्ञाने तिसऱ्या नेपोलियनसाठी तो तयार केल्यापासून, गवळ्यांच्या मुळावर आलेला होता. आता त्याच्याविरुद्ध शास्त्राचा पुरावा मिळाला.

उंदरांचं माणसांना लागू पडतं का, याचं उत्तर डेन्मार्कने दिलं, तेही न मागता. पहिल्या महायुद्धात तिथलं लोणी चढ्या भावाने परदेशी जात होतं आणि गरिबांच्या पावावर वनस्पती तेलाचं मार्गारीन येत होतं. कोपनहेगनमधले बालरोगतज्ज्ञ कार्ल ब्लॉख यांच्याकडे डोळे कोरडे पडलेली, बुबुळावर व्रण आलेली मुलं वाढत्या संख्येने येऊ लागली. काही कायमची आंधळी झाली. मग १९१७ मध्ये जर्मन पाणबुड्यांनी समुद्र अडवला, निर्यात थंडावली, वर्षअखेरीला लोण्याचं रेशनिंग झालं आणि देशातलं लोणी देशातल्यांना परवडू लागलं. पुढच्या वर्षी हा आजार जवळपास नाहीसा झाला. ज्या व्यापाराने देश श्रीमंत होत होता तो बुडाला, तेव्हा पोरांचे डोळे वाचले.

मार्गारीनच्या कारखानदारांनी धडा लवकर घेतला. कायद्याची वाट न पाहता १९२०च्या दशकातच इंग्लंड-हॉलंडमधल्या मोठ्या कंपन्या माशांच्या यकृताच्या तेलातून काढलेलं जीवनसत्त्व आपल्या मार्गारीनमध्ये घालू लागल्या. दानधर्माचा यात संबंध नव्हता. लोण्याच्या हातातलं हत्यार काढून घ्यायचं होतं. ब्रिटनमध्ये सक्ती आली ती १९४० साली, युद्धातल्या रेशनिंगबरोबर; तोवर बडे कारखानदार स्वखुशीने ते करतच होते. उद्योगाने आधी स्वतःला नियम घालून घ्यायचा, सरकारने मागून त्यावर शिक्का मारायचा, हा क्रम तिथे पडला. याच कंपन्यांच्या विलीनीकरणातून १९३० च्या १ जानेवारीला युनिलिव्हर उभी राहिली, आणि दोन वर्षांत ती शिवडीला आली.

मुंबईत वनस्पती तूप त्याआधीच उतरलं होतं. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीपासून हॉलंडचे मार्गारीनवाले ते डब्यांत भरून पाठवत. विल्हेल्म नॉर्मान या जर्मन रसायनज्ञाने १९०२ साली पेटंट घेतलेली युक्ती त्यामागे होती: निकेलच्या सान्निध्यात गरम तेलातून हायड्रोजन वायू सोडला, की पातळ तेल घट्ट होतं. युरोपात त्याचं लोणी केलं. आपल्याकडे पावाला लोणी लावणारे थोडे आणि तुपावर जीव टाकणारे सगळे, म्हणून आपल्यासाठी त्याचं तूप केलं. पांढरं, दाणेदार, तुपासारखं गोठणारं. हिंदुस्तान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनीची नोंदणी १९३१च्या नोव्हेंबरात झाली आणि १९३२ मध्ये शिवडीच्या कारखान्यातून माल निघू लागला. जागा नेमकी हेरलेली होती. एका अंगाला गोदी, जवळ कापसाची वखार, पोर्ट ट्रस्टची रेल्वे, आणि मागे परळ-लालबाग, जिथे गिरण्यांत राबणारी हजारो माणसं महिन्याच्या पगारात साजूक तुपाचं स्वप्नही पाहू शकत नव्हती. १९३७ मध्ये 'डालडा' हे नाव आलं. डच व्यापाऱ्याच्या 'दादा' नावात लिव्हरने आपला 'ल' घुसवला, असं सांगतात. तेव्हापासून मराठीत कुठल्याही कंपनीचं वनस्पती तूप म्हणजे डालडाच.

धंदा मुंबईपुरता राहिला नाही. खानदेशातल्या अमळनेरला महंमद हाशम प्रेमजींनी १९४५च्या डिसेंबरात वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स काढली आणि खानदेशी शेंगदाण्याचं 'सनफ्लॉवर' वनस्पती बाजारात आणलं. डब्यावर सूर्यफूल, आत भुईमूग. या धंद्यात चित्राचा आणि मालाचा संबंध पहिल्यापासून सैलच. त्या कंपनीला आज जग विप्रो म्हणून ओळखतं. साने गुरुजींच्या अमळनेरात संगणकाच्या धंद्याचं मूळ तुपाच्या डब्यात सापडावं, ही गंमत जाता जाता.

शिवडीच्या विरुद्ध उभं राहिलं वर्धा. १९४१ साली जमनालाल बजाजांनी तिथे गोसेवा संघ काढला होता. मगनवाडीत कुमारप्पा ग्रामोद्योगाचं काम पाहत होते. शेजारी सेवाग्रामला गांधीजी. १९४६ च्या 'हरिजन'मध्ये त्यांनी वनस्पतीविरुद्ध लिहिलं. वर्ध्याच्या म्हणण्यात तीन धागे होते, आणि ते एकमेकांत इतके गुंतले होते की भांडणाऱ्यांनाही ते वेगळे काढता येत नसत. पहिला धागा फसवणुकीचा: तेल खायचं तर तेल म्हणून खा, त्याला तुपाचं सोंग कशाला? दुसरा भेसळीचा: वनस्पती शुद्ध तुपात बेमालूम मिसळतं, त्यामुळे गाय पाळणारा शेतकरी मरतो आणि घाण्याचा तेलीही मरतो. तिसरा आरोग्याचा: यात जीवनसत्त्व नाही, ते शरीरात विरघळत नाही, डोळे जातात. वनस्पती खाणारे उंदीर तिसऱ्या पिढीला आंधळे निपजतात, अशी बातमी त्या काळात फिरत होती आणि ती सभांतून सांगितली जात होती.

आता या तीन धाग्यांकडे कारखानदाराच्या डोळ्यांनी पाहा. पहिल्याला उत्तर नाही. ते सोंग हाच तर धंदा. दुसऱ्यालाही नाही, कारण भेसळ करणारा तिसराच कुणी असला तरी माल यांचाच. तिसरा धागा मात्र प्रयोगशाळेत नेता येतो, मोजता येतो, दुरुस्त करता येतो. तिथे उत्तर देता येतं, म्हणून भांडण तिथे न्यायचं.

ते तिथे गेलंही. स्वातंत्र्याच्या आगेमागे सरकारने शास्त्रज्ञांची समिती नेमली आणि कुन्नूर, बंगळूर, इज्जतनगर अशा ठिकाणी उंदीर आणि माणसं दोहोंवर प्रयोग करवले. निष्कर्ष असा निघाला, की ३७ अंश सेल्सिअसला किंवा त्याखाली वितळणारं वनस्पती तूप कच्च्या शेंगदाणा तेलापेक्षा अपायकारक नाही. ३७ अंश म्हणजे आपल्या अंगाची उष्णता. 'शरीरात विरघळत नाही' या आरोपाला नियमाचं हे शब्दशः उत्तर. तूप या तुलनेत कुठेच नव्हतं, हे बारकाईने वाचणाऱ्याच्याच लक्षात येई. वनस्पतीला तेलाच्या रांगेत उभं केलं, की त्याला पास होणं सोपं.

वर्ध्याचे लोक ऐकेनात. प्रजासत्ताकाच्या पहिल्याच काळात पंडित ठाकूरदास भार्गव यांनी वनस्पतीच्या उत्पादनावरच बंदी घालणारं खासगी विधेयक संसदेत आणलं. लोकमत मागवलं गेलं, पत्रांचा ढीग पडला, वर्तमानपत्रं भरून गेली. बंदी झाली नाही. सरकारला कारखाने हवे होते, शेंगदाण्याला गिऱ्हाईक हवं होतं आणि शहरांना स्वस्त स्निग्ध पदार्थ हवा होता. पण काहीतरी करून दाखवणं भाग होतं. १९४७ च्या वनस्पती तेल उत्पादन नियंत्रण आदेशाने आणि पुढे १९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याखालच्या नियमांनी ते केलं.

मागण्या मुख्यतः तीन होत्या: रंग, तीळ आणि जीवनसत्त्व. उद्योगाने प्रत्येकीला कसं तोंड दिलं ते पाहण्यासारखं आहे.

रंगाची मागणी सर्वांत साधी आणि सर्वांत जालीम. वनस्पतीला असा रंग द्या की ते तुपात मिसळलेलं नुसत्या डोळ्यांना कळेल. लालबागच्या वाण्याकडे अर्धा शेर तूप घेणारी बाई प्रयोगशाळेत थोडीच जाणार होती! रतनज्योतीच्या मुळीचा लाल रंग सुचवला गेला, आणखीही सुचले. पण एक उष्णतेने उडे, एक सहज काढून टाकता येई, एकाच्या निर्धोकपणाची शंका. शास्त्रीय अडचणी खऱ्या होत्या. तरीही माझं मत असं, की ज्या उद्योगाला तेलाचा मूळ रंग आणि वास पार पुसून टाकता येत होता, त्याला टिकाऊ रंग शोधण्याची मनापासून निकड असती, तर शोध इतकी वर्षं रेंगाळला नसता. रंगीत तूप कोण विकत घेईल, ही कारखानदारांची खरी धास्ती होती आणि ती ते लपवतही नव्हते. रंग कधीच आला नाही.

तिळाची अट त्यांनी मान्य केली. वनस्पतीत किमान ५ टक्के तिळाचं तेल असलंच पाहिजे. हे तेल चवीसाठी नव्हे, हेर म्हणून. संशयित तुपाच्या नमुन्यात हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफ्युरॉल घालून हलवलं, की तीळ असल्यास खालच्या थरात किरमिजी रंग उमटतो. बोदुआँ चाचणी म्हणतात ती हीच. युक्ती उसनी होती. जर्मनीने १८९७ च्या मार्गारीन कायद्यात १० टक्के तिळाच्या तेलाची सक्ती केली होती. रंग हवा, पण तो गिऱ्हाइकाला न दिसता फक्त अन्ननिरीक्षकाला दिसावा, अशी ही तडजोड. संक्रांतीला गोड बोलायला लावणारा तीळ इथे चहाडी करायला बसवला. मुंबईच्या दुकानांवर 'शुद्ध तुपातील मिठाई' अशा ठसठशीत पाट्या का लागतात, त्याचं मूळ या अदृश्य रंगात आहे. गिऱ्हाइकाला डोळ्यांनी ओळखता येत नाही, तेव्हा पाटीवर विश्वास ठेवणं एवढंच त्याच्या हाती उरतं.

आणि जीवनसत्त्व? तिथे उद्योग दोन पावलं पुढे होता. युनिलिव्हरने हा डाव युरोपात एकदा खेळून झालेला होता. १९५३ पासून वनस्पतीत अ जीवनसत्त्व घालण्याची सक्ती झाली. औंसाला ७०० एकक, म्हणजे दशमान पद्धतीत ग्रॅमला २५. कंपन्यांनी हे लादलेलं ओझं म्हणून मिरवलं नाही, भूषण म्हणून मिरवलं. पन्नाशीतल्या डालड्याच्या जाहिराती काढून पाहा. हसरी आई, गुटगुटीत मूल, सीलबंद डबा आणि 'अ' व 'ड' जीवनसत्त्वांचा ठळक उल्लेख. कसं शिजवावं, काय खावं याचा मोफत सल्ला पत्राने देणारी डालडा सल्ला सेवा मुंबईहूनच चाले. फोर्टातल्या इंडिया हाउसमधून वनस्पती उत्पादक संघटना स्वतंत्र जाहिराती देई, त्यात तर एका ब्रँडचं नावही नसे. वनस्पती नावाच्या पदार्थाचीच वकिली असे. प्रतिस्पर्धी कंपन्या पदरचे पैसे घालून सामायिक जाहिरात करतात, तेव्हा समजावं की भीती सामायिक आहे.

एक अडचण होती, आणि ती अस्सल इथली. युरोपातलं जीवनसत्त्व माशाच्या यकृतातून यायचं. दुसऱ्या महायुद्धात कॉड माशाचं तेल यायचं थांबलं, तेव्हा मुंबई सरकारच्या मत्स्य खात्यानेही शार्कच्या, म्हणजे आपल्या मुशी-मोरीच्या यकृताचं तेल काढायला सुरुवात केली होती. भायखळा-परळच्या कित्येक पोरांनी नाक दाबून ते चमच्याने घेतलंय. त्यात 'अ' रग्गड असतं. पण वनस्पती तुपात माशाचं तेल? ज्या गिऱ्हाइकाला 'वनस्पती' या नावातच निर्धास्तपणा वाटत होता, ते गुजराती, मारवाडी, ब्राह्मण, जैन घर त्याच दिवशी हातातून गेलं असतं, आणि वर्ध्याला आयतं कोलीत मिळालं असतं. गिरणीतल्या कोकणी माणसाला त्याचं काहीच वाटलं नसतं, ही गोष्ट वेगळी. जवळा नि लहान मासळी डोक्याशेपटासकट खाणाऱ्याला 'अ'ची चणचणही कमीच.

सुटका स्वित्झर्लंडमधून झाली. हॉफमन-ला रोश कंपनीत ओटो इस्लर यांनी १९४७ च्या सुमारास अ जीवनसत्त्व कारखान्यात, रसायनांपासून बनवण्याची रीत बसवली. त्याला मासळीचा वास नाही, पाण्यातल्या कुठल्या जीवाशी नातं नाही, दर टनाला किती घालायचं तेही काटेकोर मोजता येतं. भारतीय नियमात नुसतं 'अ' म्हटलेलं नाही. 'संश्लेषित' म्हणजे कृत्रिम 'अ' असं स्पष्ट म्हटलंय. एरवी खाण्यापिण्यात 'कृत्रिम' म्हटलं की नाकं मुरडली जातात. इथे कृत्रिमपणा हीच सोवळेपणाची हमी ठरली.

त्यानंतरचा पल्ला तर मला फार आवडतो. साठच्या दशकात हे जीवनसत्त्व परदेशातून न आणता इथेच करायचं ठरलं. रोश आणि ग्लॅक्सो या दोन कंपन्यांनी ठाण्याच्या परिसरात ते बनवायला घेतलं. त्याचा कच्चा माल काय? केरळातल्या एका गवताचं तेल. त्यातल्या सिट्रालपासून आयोनोन, आणि आयोनोनपासून पायरी-पायरीने 'अ'. हे गवत म्हणजे चाळीच्या गॅलरीत कुंडीतून डोकावणाऱ्या, आल्याबरोबर चहात पडणाऱ्या आपल्या गवती चहाचा सख्खा भाऊ. लोण्यातलं, तुपातलं, माशातलं जे तत्त्व, ते अखेर गवतातून आलं. पण गाय तरी दुसरं काय करते? तीही गवतच खाते आणि त्यातल्या कॅरोटीनचं 'अ' बनवून दुधात उतरवते. फरक एवढाच, की ठाण्याचं गवत गाईच्या पोटातून न जाता पोलादी टाक्यांतून गेलं.

कारखान्यात जीवनसत्त्वाची पाळी सर्वांत शेवटी येई. कच्च्या तेलातली आम्लं कॉस्टिकने काढायची, विशिष्ट माती घालून रंग शोषून घ्यायचा, मग निकेल आणि हायड्रोजन, मग गाळणं, मग निर्वात टाकीत वाफ सोडून वास घालवणं. इतके संस्कार झाल्यावर तेलात मुळात काही 'अ'जनक असलंच, तर ते केव्हाच नाहीसं झालेलं असे. निवलेल्या तेलात जीवनसत्त्वाचं मिश्रण ढवळायचं, डबे भरायचे आणि थंड खोलीत ठेवायचे, म्हणजे दाणा धरतो. उजेड हा 'अ'चा वैरी. त्या दृष्टीने पत्र्याचा डबा काचेच्या बरणीपेक्षा किंवा वाण्याच्या उघड्या पातेल्यापेक्षा कितीतरी बरा.

उष्णता हा दुसरा वैरी, आणि मुंबईच्या स्वयंपाकघरात डालडा जायचा तो तापायलाच. दिवाळीत चकल्या, शंकरपाळे, करंज्यांच्या कढईत. त्या कढईत 'अ' किती तगत असेल, याचा विचार जाहिरातीत नसे. घाण्यामागून घाणा तळून काळं पडलेल्या तुपात ते फार उरत नाही. मोहनात किंवा करंजीच्या साट्यात गेलेलं त्या मानाने नशीबवान. त्याहून नशीबवान नानखटाईतलं: मैदा, पिठीसाखर आणि डालडा घरून मोजून न्यायचा, कोपऱ्यावरच्या बेकरीत पत्र्यांवर थापून भाजून आणायचा. बेकरीच्या भट्टीत 'अ' कढईपेक्षा जास्त टिकतं. वरणभातावर डालडा घेणारी घरं होती, पण ती दाराशी पाहुणा आला की डबा मागे सरकवत.

मग या सगळ्याचा उपयोग झाला का? हिशेब करून पाहू. २५ एकक म्हणजे साडेसात मायक्रोग्रॅम. माणशी रोज १५ ग्रॅम वनस्पती धरलं तर सुमारे ११२ मायक्रोग्रॅम, आणि प्रौढाची गरज जुन्या भारतीय शिफारशींनुसार ६०० मायक्रोग्रॅम. काहीच वाया गेलं नाही असं मानलं तरी गरजेचा पाचवा हिस्सा निघतो. कमी नाही. पण रोज १५ ग्रॅम कोण खात होतं? रातांधळेपणा, डोळ्यांवरचे पांढरे डाग ज्या पोरांत दिसत, ती पोरं विदर्भ-मराठवाड्याच्या, कोकणाच्या खेड्यांतली आणि झोपडपट्ट्यांतली. वनस्पती तरी महिन्याला त्यांच्या घरात कितीसं जात होतं? सरकारलाही ते ठाऊक होतं, म्हणून तर १९७० मध्ये लहान मुलांना सहा महिन्यांतून एकदा २ लाख एककांचा डोस तोंडाने पाजण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम वेगळा सुरू झाला. डब्यातल्या 'अ'ने मध्यमवर्गाला थोडं पोसलं आणि उद्योगाला भरपूर. यात फसवणूक नाही, पण लाभाची वाटणी कशी झाली ते नीट सांगावं.

टेबलावरच्या मार्गारीनलाही हाच साचा लागू झाला. ग्रॅमला किमान ३० एकक 'अ', तिळाचं तेल, आणि ओळख म्हणून दहा लाख भागांत १०० ते १५० भाग स्टार्च. आयोडिनचा थेंब टाकला की निळं दिसतं, लोणी असेल तर दिसत नाही. बनमस्क्यातला मस्का खरोखर मस्का आहे का, हे ज्याला छळतं त्याने खिशात आयोडिनची बाटली ठेवावी. मी ठेवत नाही. इराण्याशी इतकं वाकडं घेऊन चहा मिळायचा नाही.

इकडे कोर्टात उभ्या राहिलेल्या वनस्पतीवरचा खरा आरोप सगळा वेळ बाहेर पायरीवर बसून होता. हायड्रोजन अर्धवट जिरवलेल्या तेलात ट्रान्स फॅट तयार होतात. त्यांनी वाईट कोलेस्टेरॉल वाढतं आणि चांगलं घटतं, हे १९९० साली मेन्सिंक आणि कातान या डच संशोधकांनी दाखवून दिलं. ज्या हॉलंडमधून हा पदार्थ आपल्याकडे आला, तिथूनच हे आरोपपत्रही आलं. चाळिशीतल्या समितीने उंदरांची वाढ, वितळबिंदू, पचन, जीवनसत्त्वं पाहिली; ट्रान्स फॅटबद्दल तेव्हा कुणी विचारतच नव्हतं. त्यांना दोष देता येत नाही. पण वितळबिंदू ३७ अंशांवर आणि दाणा तुपासारखा, या मागणीला पुरं पडण्याचा सोपा मार्ग अर्धवट हायड्रोजनीकरणातून, म्हणजे ट्रान्स फॅटमधूनच जात होता, हा दैवदुर्विलास नोंदवावाच लागेल. २००९ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने सात वनस्पती ब्रँड तपासले. ट्रान्स फॅटचं प्रमाण डेन्मार्कने घालून दिलेल्या २ टक्क्यांच्या मर्यादेच्या ५ ते १२ पट निघालं. ही मर्यादा जगात सर्वांत आधी, २००३ साली घातली ती डेन्मार्कनेच. मार्गारीनने पोरांचे डोळे गेलेले पाहणारा देश तो. भारतात ३ टक्के मर्यादा २०२१ मध्ये आणि २ टक्के २०२२ मध्ये आली. 'अ'ची सक्ती उद्योगाने १९५३ मध्ये हसत घेतली होती. ट्रान्स फॅटच्या बाबतीत पायरी-पायरीने सवलतीच्या मुदती घेत घेत इथवर यावं लागलं. नियम धंद्याची शोभा वाढवतो की धंद्याची रीतच बदलायला लावतो, यावर त्याचं स्वागत ठरतं.

तोवर डालडाही लिव्हरचा राहिला नव्हता. २००३ मध्ये तो बंगे या कंपनीला विकला गेला. घरोघर पिशवीतलं शुद्धीकृत तेल आलं. आणि तेलाबरोबर जुना प्रश्न पुन्हा आला, कारण तेलात 'अ' घालण्याची सक्ती वनस्पतीसारखी कधी नव्हती. २०१८ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने पोषणसमृद्ध अन्नाचे नियम केले आणि निळं 'एफ' अक्षर व अधिकचं चिन्ह असलेला शिक्का दिला. तेलाच्या बाबतीत ते ऐच्छिक ठेवलं. ज्याला घालायचं त्याने घालावं, घातलं तर प्रमाण पाळावं. हे प्रमाण ग्रॅममागे ६ ते ९.९ मायक्रोग्रॅम 'अ', शिवाय 'ड'. पन्नाशीतले साडेसात मायक्रोग्रॅम या मर्यादेत जवळपास मधोमध बसतात. सक्ती करावी, असा मसुदा पुढे आला तेव्हा विरोधही झाला. लहान तेलघाण्यांना ते झेपणार नाही आणि जीवनसत्त्वाचं मिश्रण पुरवणाऱ्या मोजक्या कंपन्यांचीच चांदी होईल, असं विरोधकांचं म्हणणं. मगनवाडीतल्या कुमारप्पांना हा मुद्दा ओळखीचा वाटला असता.

मोठ्या कंपन्यांच्या पिशव्यांवर तो निळा शिक्का आज लालबागच्या कुठल्याही किराणा दुकानात दिसतो. सुटं तेल विकायला कायद्याने बंदी असली, तरी पावशेर-अर्धा लिटर मोजून घेणारी गिऱ्हाइकं आणि मोजून देणारी दुकानं मुंबईतून गेलेली नाहीत. त्या पिंपाला शिक्का नसतो. आणि 'अ'ची सर्वांत जास्त गरज असलेलं घर महिन्याअखेर बहुधा त्याच पिंपापुढे बाटली घेऊन उभं असतं.